मर्यादा पोराला लावली का घराला? रात्रीच्या जॉब्सना सीग्रुप लावताना

नोकरी लागून चार महिने झाले होते. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधलं छोटं ऑफिस, १६ जीबी रॅमचा एकच लिनक्स सर्व्हर, आणि क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या यादीत) माझ्या हातच्या पाच ओळी, पाचही रात्री दोनच्या ठोक्याला. मे महिन्यातल्या एका सकाळी सातला फोन आला: डेटाबेस बंद आहे, बिलं निघत नाहीत. गायत्रीनगरच्या खोलीवरून ऑफिसला पोचेपर्यंत पोटात गोळा आला होता.

तसा मी निर्धास्त असायचो. प्रत्येक स्क्रिप्टच्या वर यूलिमिट या शेलच्या कमांडने २ जीबी मेमरीची मर्यादा घातली होती. पाच जॉब म्हणजे १० जीबी, उरलेले ६ डेटाबेसला. हे गणित मांडलेली वही अजून माझ्याकडे आहे.

आता जे सांगतो ते दोनदा वाचा. यूलिमिटची मर्यादा एका प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रामची असते, जॉबची नसते. प्रोसेसने मुलं काढली की प्रत्येक मुलाला तीच मर्यादा मिळते, पण वाटून नाही, पूर्णच्या पूर्ण. माझा प्रत्येक जॉब चार वर्कर उभे करायचा. एक आई, चार मुलं, प्रत्येकाला २ जीबी: एका जॉबला १० जीबीची मुभा. पाच जॉबांची ५०. मशीन १६ची. मी कुंपण घातलं असं समजत होतो आणि फाटक सताड उघडं होतं. त्यातही मी वापरलेला व्ही पर्याय प्रत्यक्ष रॅम मोजत नाही, पत्त्यांची जागा मोजतो, म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेली, मग ती वापरली असो वा नसो. आणि एम पर्याय आजच्या लिनक्सवर काहीच करत नाही. एररसुद्धा देत नाही.

पुढचं जास्त वाईट. रॅम संपली की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी मोकळी करायला प्रोसेस मारणारा भाग, मुख्यतः सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो. माझा एकेक वर्कर दीड जीबीच्या आसपास, डेटाबेस पाचच्या वर. चूक वर्करांची, जीव गेला डेटाबेसचा.

आमच्या सिनियर ताईंनी लॉग पाहून एकच विचारलं, “काहून बा, मर्यादा पोराला लावली का घराला?” मग खुर्ची मागे घेतली आणि कीबोर्ड माझ्याकडेच ठेवला. दोन तास लागले. माझं ठाम मत आहे: जो सिनियर तुमच्या हातून कीबोर्ड घेऊन पाच मिनिटांत दुरुस्त करून देतो, त्याच्याकडून तुम्ही काही शिकणार नाही. आणि जो “रॅम वाढवून घे” म्हणतो त्याचं तर ऐकूच नका. वाढवलेली रॅमही हेच वर्कर खातील.

घराला मर्यादा लावायचं साधन म्हणजे सीग्रुप: अनेक प्रोसेसचा एक गट करून त्या गटाला मिळून मर्यादा लावायची कर्नलची सोय. गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, २००८च्या जानेवारीत ते कर्नल २.६.२४ मध्ये आलं. दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये कर्नल ४.५ बरोबर पक्की झाली. ही वर्षं पाठ करायची गरज नाही, पण दोन आवृत्त्या आहेत हे विसरू नका. जुन्या लेखातली कमांड चिकटवली आणि ती फाइलच सापडली नाही, तर तुम्ही बावळट नाही. पहिल्या आवृत्तीतल्या फाइलींची नावं दुसरीत बदलली आहेत, एवढंच.

सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर सीग्रुपचे फोल्डर हाताने बनवू नका. क्रॉनच्या ओळी सिस्टमडीच्या टायमरवर आणा, म्हणजे प्रत्येक जॉब एक सर्व्हिस होतो आणि त्याची मुलंबाळं त्याच गटात मोजली जातात. पण इथे मी त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घातला. प्रत्येक सर्व्हिसला मेमरीमॅक्स (मेमरीची कमाल मर्यादा) २ जीबी दिला. पाचांचे १० झाले, ठीक. पुढच्या महिन्यात सहावा जॉब आला, १२ झाले. बेरजेवर कोणाचाच ताबा नव्हता. म्हणून सगळ्या जॉब्ससाठी एक स्लाइस, म्हणजे सर्व्हिसेसचा सामाईक गट, बनवा, मी ‘रात्र’ नाव दिलं, आणि ८ जीबीची मर्यादा त्या स्लाइसवर लावा. आत दहा सर्व्हिस असोत की वीस, बेरीज आठच्या वर जात नाही. स्लाइसच्या नावात डॅश टाकताना जपून: ‘रात्र-रिपोर्ट’ हे आपोआप ‘रात्र’च्या पोटात जातं.

स्वॅपचा, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेचा, आकडा वेगळा असतो. मेमरीस्वॅपमॅक्स शून्य केला नाही तर जॉब मर्यादेला टेकून स्वॅपमध्ये सांडतात आणि अख्खं मशीन रांगतं. मात्र स्वॅप शून्य असताना मेमरीहाय (ओलांडली की जॉबला न मारता मंदावणारी मर्यादा) फार खाली ठेवू नका. जॉब मरतही नाही, पुढेही सरकत नाही.

सीपीयूचं सोपं आहे, घाबरू नका. सीपीयूकोटा ५० टक्के म्हणजे अर्धं मशीन नव्हे, एका कोरचा अर्धा. चार कोर पूर्ण हवे तर ४०० लिहा. रात्रीच्या कामांना मी कोटा लावतच नाही, त्यांच्या स्लाइसचं वजन (सीपीयू वाटपातला वाटा) कमी करतो. नेहमीचं १०० असतं, मी २० ठेवतो. मशीन रिकामं असेल तर जॉब खुशाल पळतात, डेटाबेसला गरज पडली की मागे सरकतात.

सगळं लावून झालं की जॉब चालू असतानाच /proc मधल्या त्याच्या प्रोसेस नंबराच्या फोल्डरातली सीग्रुप फाइल उघडून पाहा. तिथे तुमच्या स्लाइसचं नाव दिसलं नाही तर लावलेली मर्यादा दुसऱ्याच कुणावर आहे. माझा एक जॉब क्रॉनमध्येच राहून गेला होता, तो असाच सापडला. आणि सकाळी गटाचे आकडे शोधू नका, गट मोडला की तेही जातात. सिस्टमडीचं जर्नल, म्हणजे लॉग, पाहा.

दिवाळीनंतर एका सकाळी जर्नलमध्ये ओळ दिसली: वार्षिक रिपोर्टची सर्व्हिस ओओएम-किलने पडली. वर्षभराच्या सगळ्या नोंदी ती एकदम मेमरीत ओढत होती. डेटाबेस चालू होता, बिलं वेळेवर निघाली होती. ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “आता नोंदी महिन्यामहिन्याने वाच.” तासाभराचं काम होतं.