बारावीच्या परीक्षेआधी बिघडलेली झोप रुळावर कशी आणायची

सुरुवात झोपण्याच्या नव्हे, उठण्याच्या वेळेपासून करा. बोर्डाचा पेपर सकाळी 11 ला असतो. रात्री 3 पर्यंत जागून 10 ला उठणाऱ्याचा मेंदू तेव्हा अर्धवट झोपेतच असतो. प्रश्न कळतो, पण पाठ असलेलं सूत्र आठवत नाही. म्हणून परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून गजर रोज 15-20 मिनिटं अलीकडे आणत 6:30 वर न्या. उठल्यावर लगेच गच्चीत किंवा गॅलरीत 20 मिनिटं उजेडात बसा. रविवारीही हीच वेळ. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं: एक दिवस 11 पर्यंत लोळलं की त्या रात्री झोप उशिरा लागते.

चहा-कॉफी दुपारी 3 नंतर बंद. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. दुपारची डुलकी 20 मिनिटांचीच, गजर लावून.

पलंगावर अभ्यास नको. खोली एकच असेल तर निदान सतरंजी वेगळी घ्या. पडल्यावर अंदाजे 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत आडवे व्हा. घड्याळ पाहू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नाही असंच होत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.