घरापुढची बाग करताना या चुका टाळा

बांधकाम संपत आलं की वास्तुशांतीची तारीख ठरते आणि शेवटच्या आठवड्यात समोरच्या दहा-बारा फुटांच्या पट्ट्याची आठवण होते. मग टेम्पोभर झाडं येतात, लॉनचे तुकडे अंथरले जातात, गेटच्या दोन्ही अंगांना दोन बॉटल पाम उभे राहतात. त्या दिवशी घर देखणं दिसतं, यात शंका नाही. पण आपल्याकडे घरापुढच्या बागेचा कस लागतो तो मे महिन्यात आणि जुलै महिन्यात. ४० अंशांच्या उन्हात काय टिकेल आणि धो-धो पावसात पाणी कुठे जाईल, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर साध्या तगरीच्या रांगेनंही घराला शोभा येते. ते न सोडवता केलेला खर्च वर्षभरात मातीत जातो.

पुढचं सगळं मुख्यतः पठारावरच्या घरांसाठी आहे: पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर अशा ठिकाणचे बंगले आणि रो-हाउस. कोकणातली जांभ्याची जमीन आणि तिथला पाऊस वेगळा. तिथला फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगितला आहे.

माती जोत्याला टेकवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त दिसते. भिंतीलगत वाफा हवा म्हणून दोन-तीन ब्रास लाल माती आणून थेट भिंतीला टेकवली जाते. जोत्यात ओल वर चढू नये म्हणून जो थर घातलेला असतो, त्याच्याही वर ही माती जाते. आपण रोज पाणी घालतो आणि हॉलच्या भिंतीला आतून पोपडे धरतात. घरमालक रंगाऱ्याला बोलावतो, वॉटरप्रूफिंग करून घेतो. कारण मात्र बाहेर वाफ्यात असतं. वाळवीलाही हाच रस्ता सोयीचा पडतो.

तुमच्याकडे आतल्या भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ओल दिसत असेल, तर रंगाच्या आधी बाहेर जाऊन बघा. वाफ्याची माती जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान सहा इंच खाली आणा. भिंतीला लागून दीड फूट पट्टा मोकळा सोडा, त्यात खडी टाका आणि झाडं त्याच्या पुढे लावा. गच्चीच्या पाण्याचा पाइप वाफ्यात सुटत असेल, तर तो पुढे न्या किंवा पाण्याच्या टाकीला, बोअरच्या पुनर्भरणाला जोडा.

दुसरा भाग उताराचा. दहा फुटांच्या अंगणाला घराकडून रस्त्याकडे दोन इंच उतार पुरतो. पेव्हर ब्लॉक बसवणारे पुष्कळदा गेटची पातळी धरून काम सुरू करतात. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, रस्ता उंच होतो आणि पावसाचं पाणी अंगणात शिरतं. म्हणून काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी पाण्याचा पाइप अर्धा तास सोडून ठेवा. पाणी कुठे थांबतं ते खडूनं आखा आणि तेवढे ब्लॉक उचलून पुन्हा बसवून घ्या. हे त्याच दिवशी होतं. नंतर कुणी फिरकत नाही.

ब्लॉकखाली काँक्रीट ओतू देऊ नका. कच आणि वाळूच्या थरावर बसवलेल्या ब्लॉकच्या फटींतून पाणी जमिनीत मुरतं. गाडी उभी राहते तेवढीच जागा मजबूत करा. आणि सगळं अंगण फरसबंद करण्याचा मोह आवरा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरापुढचं फरसबंद अंगण एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत ती धग घरात येत राहते.

वर लाल माती, खाली राडारोडा

नवीन घरापुढे लावलेली झाडं खुरटतात तेव्हा आपण खत वाढवतो. त्याआधी एक खड्डा खणून बघा. सहा इंच लाल मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुनखडी, टाइल्सचे तुकडे आणि प्लास्टिक निघणारच. बांधकामाचा सगळा कचरा समोरच गाडला जातो. त्यामुळे मुळांना जागा राहत नाही आणि सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते. त्यात बोअरचं जड पाणी.

याची खूण ओळखायला सोपी आहे. कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा हिरव्याच राहिल्या, तर झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण अशा मातीतून ते मुळांना घेता येत नाही. एक्झोरा, अनंत आणि जास्वंद यांच्यावर हे लवकर दिसतं. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत एक्झोरा आणि अनंत कसे रसरशीत वाढतात ते आठवा, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर ती बहुधा नत्राची कमतरता असते. तिथे शेणखत किंवा गांडूळखत काम करतं. लोहासाठी मात्र चिलेटेड फेरसची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात करावी आणि मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळत राहावं. फवारणीनं आजचं पान हिरवं होतं, पण पुढच्या वर्षीसाठी मातीच सुधारावी लागते.

मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन राडारोडा बाहेर काढा, खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू द्या. मग चांगली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड यांनी भरा आणि पहिला दमदार पाऊस झाला की लावणी करा. वास्तुशांत फेब्रुवारीत असेल तर त्या दिवसापुरत्या झेंडू-शेवंतीच्या कुंड्या आणा आणि पक्की झाडं जूनपर्यंत थांबू द्या. भर उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेल्या झाडाला मूळ धरायला वेळच मिळत नाही.

काळी माती असेल तर आणखी एक काळजी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाणी धरून ठेवते. तिच्यात खड्डा घेऊन फक्त लाल माती भरली, तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं सडतात. खणलेल्या काळ्या मातीतच खत आणि थोडी जाड वाळू मिसळून परत भरा, झाड जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंचावर लावा. आणि नर्सरीची काळी पिशवी पूर्ण काढा! पिशवीसकट पुरलेली झाडं मी कितीतरी बंगल्यांत पाहिली आहेत, दोन-दोन वर्षं तशीच उभी.

विकत आणलेल्या मातीबरोबर आणि कच्च्या शेणखताबरोबर लव्हाळा येतो. तो उपटला की गाठी जमिनीत राहतात आणि जोमानं फुटतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसेल तिथे खुरप्यानं गाठीसकट काढलात तरच सुटका आहे.

लॉनचा हट्ट

माझं मत स्पष्ट आहे: पठारावर छोट्या घरापुढे लॉन नको. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पार्किंगच्या आणि कुंपणाच्या सावलीत ते विरळ होतंच. उन्हाळ्यात शंभर चौरस फुटांना रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी जातं, तेही टँकरच्या दिवसांत. हवंच असेल तर उन्हातला एक लहान तुकडा ठेवा. बाकी जागेत सावलीत नेफ्रोलेपिस नेचे आणि स्पायडर प्लांट, उन्हात वेडेलिया किंवा पोर्टुलाका. वेडेलिया झपाट्यानं पसरते, तिला कड घालून आवर घाला.

झाड पूर्ण वाढल्यावर केवढं होईल?

नर्सरीत तीन फुटांचं दिसणारं झाड दहा वर्षांनी केवढं असेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नये. वड, पिंपळ, उंबर आणि शोभेचे फायकस कुंपणाची भिंत आणि ड्रेनेजची चेंबरं फोडतात. गुलमोहर सुंदर खरा, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी गाडीवर येते. बॉटल पामची झावळी दहा फुटांहून लांब आणि जड असते, ती कुठे पडणार ते आधी बघा. सप्तपर्णीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला उग्र वास खिडकीजवळ अनेकांना सोसत नाही. कोनोकार्पसची भिंत पटकन उभी राहते म्हणून लोक तो लावतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपणही त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

लावलेलं झाड मनात आलं म्हणून काढताही येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण व जतन कायद्यानुसार शहरी भागात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हा कायदा चांगलाच आहे. निवड करतानाच दहा मिनिटं जास्त घालवली तर त्याची अडचण वाटत नाही.

मग काय लावावं? दहा-बारा फुटांत प्राजक्त, तगर, कढीपत्ता, देव चाफा, कागदी लिंबू, सीता अशोक हे बसतात. जागा मोठी असेल तर बकुळ, बहावा किंवा आपलं राज्यफूल असलेलं ताम्हण. बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेमध्ये, बाकी सगळं मलूल असताना फुलतात. घरापासून दहा-पंधरा फूट आणि वरच्या विजेच्या तारांपासून दूर ठेवा. लहान मुलं असतील तर कण्हेर आणि बिट्टी गेटजवळ नको, दोन्ही विषारी आहेत.

दिशाही बघा. उत्तरेकडे तोंड असलेल्या घरापुढे हिवाळाभर घराचीच सावली असते. पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच. तिथे गुलाब आणि शेवंती रुसणारच. नेचे, मनीप्लांट, सिंगोनियम, ड्रसेना आनंदात राहतील. पश्चिमेच्या उन्हात अरेका पाम करपतो. तिथे बोगनवेल आणि चाफा द्या.

फूलच येत नाही

बोगनवेल नुसती पानं काढतेय? पाणी आणि नत्र कमी करा, ऊन वाढवा. माती वाळू द्या, पानं जरा मलूल झाली की मग पाणी घाला. मोगऱ्याला जानेवारीत पाणी तोडून छाटणी करावी, उरलेली पानं काढून टाकावीत आणि महिन्याभरानं खत-पाणी द्यावं. मार्चपासून कळ्या धरतात. जास्वंदीच्या कळ्या गळत असतील तर शेंड्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का बघा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं तो धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. मुंग्यांचीही वाट बंद करा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला रित्या करून घासाव्यात, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

दारासमोरची जागा

बागेच्या नादात दार हरवतं. गेटमधून आत आल्यावर दार आणि पायरी सरळ दिसली पाहिजे. चार फूट रुंदीची मोकळी वाट हवी, सामान आणि म्हातारी माणसं दोन्ही सुखानं जातील अशी. पायरीपुढे गुळगुळीत पॉलिशची फरशी नको, श्रावणात शेवाळ धरून ती घसरते. खडबडीत शहाबादी चांगली. मात्र तिच्यातच निदान तीन फूट चौरस तुकडा सपाट, फटी नसलेला ठेवा. पेव्हरच्या फटींवर रांगोळीची रेघ तुटते, आणि दिवाळीत घराची शोभा तर तिथूनच सुरू होते. वाटेवरचे दिवे गुडघ्याइतके, पिवळसर उजेडाचे आणि खाली वळवलेले असावेत. झाडांवर खालून मारलेले प्रखर झोत किडे गोळा करतात आणि येणाऱ्याचे डोळे दिपवतात.

वृंदावनाला खाली भोक आहे ना ते तपासा. रेडीमेड संगमरवरी वृंदावनांत ते पुष्कळदा नसतं किंवा सिमेंटनं बुजलेलं असतं आणि रोजच्या तांब्याभर पाण्यानं तुळस मुळाशी कुजते. भोक पाडून घ्या, तळाला खापऱ्या घाला, वरचं बोट-दीड बोट सुकलं तरच पाणी द्या. मंजिऱ्या सुकण्याआधी खुडत राहिलात तर तुळस डेरेदार होते, आणि एक-दोन मंजिऱ्या सुकू देऊन जूनमध्ये त्यांच्या बियांची दोन-चार रोपं बाजूला करून ठेवली की थंडीत जुनी गेली तरी वृंदावन रिकामं राहत नाही.