वंदे भारतने पहिल्यांदा निघालात? जुन्या गाडीच्या सवयी घरी ठेवा

आमच्या आत्याला सोलापूरच्या वंदे भारतमध्ये बसवायला आम्ही दादरला गेलो होतो. तिघं जण, दोन बॅगा, एक पिशवी आणि एक लोणच्याची बरणी. गाडी आली, दार उघडलं, काका नेहमीसारखे आत शिरले, बॅग वर टाकली, सीट दाखवली, पाणी घेतलंस ना, चार्जर घेतलास ना, पोचलीस की फोन कर, एवढं होईपर्यंत दार बंद. काकांनी काच वाजवली, आम्ही बाहेरून हातवारे केले, गाडी सुटली ती सुटलीच. पुढच्या स्टॉपला दंड भरून उतरले आणि लोकलने उभ्याने परत आले. चूक सगळी आमचीच. तेव्हापासून घरात कोणीही वंदे भारतचं तिकीट काढलं की मला फोन येतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

पहिली गोष्ट, ही गाडी नक्की काय आहे ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. हिला इंजिन नाही. म्हणजे पुढे वेगळं जोडलेलं इंजिन नाही, आपल्या लोकलसारख्या डब्यांच्या खालीच मोटरी आहेत, १६ डब्यांच्या गाडीत ८ डब्यांखाली. मुंबईकरांना हे सांगायला सोपं, लोकलची एसीवाली, लांब पल्ल्याची मोठी बहीण. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात, म्हणजे आयसीएफमध्ये, २०१८ साली पहिली बनली, तेव्हा नाव होतं ट्रेन १८, आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्ली-वाराणसी सुरू झाली. आपल्याकडे ३० सप्टेंबर २०२२ ला मुंबई सेंट्रल-गांधीनगर आली, मग डिसेंबरात नागपूर-बिलासपूर, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला सीएसएमटीवरून एकाच दिवशी सोलापूर आणि शिर्डी. नंतर मडगाव, जालना (ती आता नांदेडपर्यंत जाते), पुणे-कोल्हापूर, पुणे-हुबळी, नागपूर-पुणे अशी रांगच लागली.

आता दार. लोकलची दारं उघडी असतात, एक्सप्रेसची आपण उघडतो, इथे दोन्ही नाही. दारं गाडीवाल्यांच्या हातात, आणि सगळी दारं बंद झाल्याशिवाय गाडी हलतच नाही. म्हणजे धावत येऊन दांडा पकडायचा हा जो आपला राष्ट्रीय खेळ आहे तो इथे बाद. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सोडायला आलेल्यांनी प्लॅटफॉर्मवरूनच हात हलवायचा, बॅग ठेवायलासुद्धा आत जायचं नाही, सेल्फीला तर नाहीच नाही. २०२३ च्या जानेवारीत राजमहेंद्रीला एक जण फोटो काढायला चढला आणि थेट विजयवाड्याला उतरला, तेव्हा पेपरात बातमी आली होती, सगळे हसले, मीही हसलो होतो, काकांच्या आधीची गोष्ट आहे ती.

उतरताना पण तेच. स्टेशन यायच्या पाच-सात मिनिटं आधी उठून बॅग घेऊन दाराजवळ या. "थांबू दे की, मग उठू" हे चालत नाही, कारण चढणारे पण तिथेच उभे असतात आणि चढायचं-उतरायचं दार एकच.

तिकीट. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं. जनरल डबा नाही, पास चालत नाही, विदाउट चढून टीसीला पटवू हा विचार डोक्यातून काढा. चेअर कारमध्ये आरएसी (म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायचं) पण नसतं, एक तर सीट मिळते नाहीतर वेटिंग, आणि ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर कन्फर्म नसेल तर आपोआप कॅन्सल होतं. सकाळच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या रात्रीच लागतो, ही एक बरी सोय झाली, पहाटे चार वाजता उठून मोबाईल बघत बसावं लागत नाही. तत्काळ आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं (एसी म्हणून १०, स्लीपरवाले ११ ला), पण त्यासाठी तुमचं अकाउंट आधारशी जोडलेलं पाहिजे, ते काम आधीच करून ठेवा, दहाला दोन मिनिटं कमी असताना ओटीपीची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पाच वर्षांवरच्या पोराचं पूर्ण तिकीट लागतं, चेअर कारमध्ये हाफ तिकीट मांडीवर बसून असा प्रकार नाही.

बुकिंग करताना एक खूण असते जेवण हवं की नको, ती नीट बघा. नको म्हटलं तर भाड्यातून तेवढे पैसे कमी होतात. सोलापूरची गाडी सुरू झाली तेव्हा जेवणाशिवाय मुंबई-सोलापूर चेअर कार १००० आणि एक्झिक्युटिव्ह २०१५ रुपये होती, मुंबई-पुणे ५६० आणि ११३५. आता थोडं इकडेतिकडे झालंय, ॲपवर बघून घ्या, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं, एक्झिक्युटिव्ह म्हणजे साधारण दुप्पट.

दुप्पट द्यावेत का? माझं मत, नाही. एक्झिक्युटिव्हमध्ये एका ओळीत चार सीट, चेअर कारमध्ये पाच, म्हणजे तीन इकडे दोन तिकडे. एक्झिक्युटिव्हची सीट फिरते, गाडीच्या दिशेला तोंड करून घेता येते, लहान मुलांना त्याचं फार कौतुक. चेअर कारच्या सीट फिक्स, अर्धा डबा पुढे तोंड करून आणि अर्धा उलटा, त्यामुळे ज्यांना उलटं बसून गरगरतं त्यांनी ॲव्होमिन खिशात ठेवा किंवा मग खरंच एक्झिक्युटिव्ह घ्या, तेवढं एकच कारण मला पटतं. पाच-सहा तासांपर्यंत चेअर कार मस्त आहे. त्यापुढे कंबर बोलायला लागते, नागपूर-पुणेवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय.

डबा शोधणं हा एक स्वतंत्र विषय. डब्यांना सी १, सी २ असे नंबर आणि एक्झिक्युटिव्हला ई. गाडी ८ डब्यांची असेल तर ५३० सीट, १६ ची असेल तर ११२८, आणि काही मार्गांवर २० ची पण धावते. १६ डब्यांची गाडी पावणेचारशे मीटरच्या वर लांब असते, त्यामुळे इंडिकेटरवर आपला डबा कुठे येणार ते बघून आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. चुकलाच तर जे दार समोर आहे त्यात चढा, आतून सगळी गाडी जोडलेली आहे, चालत जाता येतं, फक्त दोन बॅगा ओढत आठ डबे पार करताना लोकांच्या कोपरांना लागतं आणि शिव्या खाव्या लागतात. आणि हो, दादरवाल्यांनो, डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झालेत, अजून कोणी तरी "चार नंबरवर या" म्हणून फोन करतं आणि माणूस जातो वेस्टर्नला.

सामान कमी न्या. वरचा रॅक आहे पण मोठी सुटकेस तिथे बसत नाही, सीटखाली पण नाही, आणि बर्थखाली ट्रंक सरकवायची सोय नाही कारण बर्थच नाही. लग्नाला निघालेलं कुटुंब, आहेराची भांडी, तांदळाची गोणी, हे सगळं नेहमीच्या एक्सप्रेसने. केबिन बॅगेएवढी एक आणि पाठीवर एक, बस.

खाण्याचं. आत फेरीवाले नाहीत, ना चहा-चाय-चाय, ना चिक्की, ना शेंगदाणे. जेवण घेतलं असेल तर ट्रे येतो, ठीकठाक असतो, वा वा म्हणण्यासारखा नाही. मी तर जेवण नको करून घरचा डबा नेतो, समोर छोटं टेबल असतं त्यावर पोळीभाजी आरामात होते, कोणी काही म्हणत नाही. फक्त बंद एसी डबा आहे हे लक्षात ठेवून सुका बोंबील आणू नका, प्लीज.

आणि कर्जतचा वडा विसरा. हे सगळ्यात जास्त दुखतं. बाकीच्या गाड्या पुण्याला जाताना कर्जतला थांबतात ते तुम्हाला वडा खाता यावा म्हणून नाही, तर पुढे भोर घाट आहे, ३७ मीटर गेलं की १ मीटर चढ, आणि एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही म्हणून मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. कसाऱ्याला इगतपुरीच्या घाटासाठी पण तेच. ती इंजिनं लागेपर्यंत आपण वडा खातो, असा हा पिढ्यान् पिढ्यांचा करार. वंदे भारतचं तसं नाही, जोर सगळ्या गाडीभर वाटलेला, अर्ध्या डब्यांची चाकं स्वतः ढकलतात, त्यामुळे बँकर लागत नाही आणि ती सरळ घाट चढते. मला विचाराल तर गाडीत बघण्यासारखं हेच आहे, १६० चा स्पीड वगैरे आपल्या मार्गांवर मिळत नाहीच. घाटात मोबाईल ठेवा आणि गाडी अजिबात न अडखळता कशी चढते ते बघा. १३ मार्च २०२३ ला सुरेखा यादव, आपल्या साताऱ्याच्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट, त्यांनी सोलापूरहून सीएसएमटीपर्यंत हीच गाडी चालवली होती.

मग आता कोणत्या मार्गावर घ्यावी.

फक्त मुंबई-पुणे करायचं असेल तर मी नाही घेणार. तीन तासांच्या आसपास लागतात, डेक्कन क्वीनला सव्वातीन, आणि क्वीनमध्ये डायनिंग कार आहे, टोस्ट आहे, ओळखीचे चेहरे आहेत. पंधरा-वीस मिनिटांसाठी जास्त पैसे कशाला.

शिर्डी मात्र जरूर. सीएसएमटीवरून सकाळी सव्वासहाच्या पुढे निघते, दुपारच्या आत पोचते, संध्याकाळी तीच गाडी परत, म्हणजे मुक्काम न करता दर्शन होतं. आईवडिलांना न्यायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

मडगावची गाडी पहाटे ५:२५ ला सुटते. सीएसएमटीला तेव्हा पोचायचं म्हणजे कॅब, त्यापेक्षा तुम्ही ठाणे-पनवेलकडचे असाल तर तिथून चढा, तिकिटात चढायचं स्टेशन (बोर्डिंग) तेच टाका. खेड, रत्नागिरी, कणकवली, थिवी असे मोजके थांबे, कोकणात गाव असेल तर पुढच्या एसटीचं आधी बघून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं, दरडींच्या भीतीने वेग कमी, पावणेआठ तासांचे दहाच्या घरात जातात आणि गाडी आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीनच दिवस होते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कधीही जाणार असाल तर वार नीट तपासा. पण खरं सांगू, पाऊस आणि मोठ्या काचा, रत्नागिरीजवळचा पानवळचा पूल ६४ मीटर उंच, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, उशीर झाला तरी वाईट वाटत नाही.

पुणे-कोल्हापूर आठवड्यातून तीनच दिवस आहे, त्यामुळे "चला उद्या अंबाबाईला" असं होत नाही, आधी कॅलेंडर. इतर गाड्यांना पण बहुतेक आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि जायचा सुट्टीचा वार आणि यायचा वार एकच असेल असं नाही, रिटर्न काढताना लोक इथेच फसतात.

नागपूर-पुणेवाल्यांनो, पहिली गोष्ट, ती नागपूर जंक्शनवरून नाही, अजनीवरून सुटते. ऑटोवाल्याला "स्टेशन" म्हणालात तर तो तुम्हाला मेन स्टेशनला सोडेल. ८८१ किलोमीटर, बारा तास, आणि सगळे बसून. ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसच्या दिवाळीतल्या भाड्यापुढे हे परवडतं आणि जीव पण शाबूत राहतो, पण बारा तास बसणं सोपं नाही, मानेची उशी न्या, भुसावळ-मनमाडच्या दरम्यान डब्यात एक फेरी मारा, पायात मोजे घाला कारण एसी कडक असतो आणि चादर-ब्लँकेट मिळत नाही. शेगावला उतरणाऱ्यांना मात्र उत्तम गाडी आहे.

बारीकसारीक: चार्जिंगचा सॉकेट सीटखाली असतो, वाकून शोधावा लागतो, लांब वायर न्या. टॉयलेट विमानासारखं व्हॅक्यूमचं, बटण दाबलं की मोठा आवाज होतो, पोरं घाबरतात, आधी सांगून ठेवा, आणि त्यात काहीही टाकू नका, एक तुंबलं की अख्ख्या डब्याचे हाल. काही गडबड झाली तर दाराजवळ लाल बटणाचा टॉकबॅक आहे, त्यावरून थेट गाडीवाल्यांशी बोलता येतं, पण तो खऱ्या अडचणीसाठी, दार उघडा म्हणायला नाही (काकांनी ते पण विचारून पाहिलं होतं).

सोलापूरला जाणाऱ्यांसाठी शेवटचं, मुंबईहून दुपारची गाडी रात्री साडेदहाच्या पुढे पोचते. स्टेशनबाहेर रिक्षा असतात पण त्या वेळी भाव त्यांचा असतो, घरच्या कोणाला तरी घ्यायला बोलवा आणि त्यांना सांगा, प्लॅटफॉर्मवरच थांबा, आत येऊ नका.