भावाची लघवीची बाटली: किडनी बसवलेल्यांच्या घरच्यांसाठी

मी २९ वर्षं लॅबमध्ये लघवी तपासली. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला माझी डावी किडनी दिली. तेव्हापासून त्याच्या बाटलीत माझ्याच किडनीची खबर असते, म्हणून बाटली कशी द्यायची ते अगदी बारकाईनं सांगते.

सगळे क्रिएटिनिनकडे, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाकडे, डोळे लावून बसतात. पण रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं ते किडनीला इजा झाल्यावर. शरीर नवी किडनी परकी समजून नाकारतं, म्हणजे रिजेक्शन होतं, तेव्हा त्याच्या आधीच शरीराच्या टी-पेशी, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, नव्या किडनीत शिरलेल्या असतात. तिथे सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० ही प्रथिनं तयार होतात आणि ती आणखी पेशींना बोलावून आणतात. यातलं बरंच काही लघवीत उतरतं. २०१३ साली अमेरिकेत ४८५ रुग्णांच्या ४,३०० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लघवीतल्या पेशींमधल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकांच्या कामाच्या प्रतींच्या, तीन खुणा त्यात एकत्र मोजल्या होत्या. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, रिजेक्शन दिसलं, त्याच्या आधीच्या २० दिवसांत त्या मोजमापाचा आकडा चढत गेला होता. तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

आता बाटली. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशोसाठी, म्हणजे लघवीतून किती प्रथिन जातंय ते बघायला, सकाळची पहिली लघवी उत्तम. हात धुवा, जागा साध्या पाण्यानं धुवा, बायकांनी पुढून मागे. पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या. बाटली लॅबनं दिलेली निर्जंतुकच हवी, घरातली मुरंब्याची बरणी कितीही उकळलेली असली तरी नको. पाळी चालू असेल तर तसं सांगा. आणि झाकणावर नको, बाटलीवर वेळ लिहा, कारण झाकणं बदलली जातात. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आरएनएची तपासणी असेल तर मात्र घरून बाटली नेऊच नका. आरएनए फार लवकर विरतो, म्हणून लघवी लॅबमध्येच द्यायची आणि त्यांच्या सूचना पाळायच्या.

मी एवढा आग्रह का धरते? ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात, मे महिन्यात, भावाची बाटली एका ठिकाणी सकाळी आठपासून साडेबारापर्यंत ट्रेमध्ये तशीच उन्हाजवळ पडून राहिली. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतूच जंतू आले. आम्ही घरच्यांनी तीन दिवस जेवण धड केलं नाही. नीट दिलेल्या दुसऱ्या बाटलीत काहीच उगवलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीएक्ससीएल१० फक्त रिजेक्शनमध्येच वाढतं असं नाही. लघवीत जंतुसंसर्ग असला तरी वाढतं, शरीरात निपचित पडून असलेला बीके नावाचा व्हायरस किडनीत जागा झाला तरी वाढतं. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतात, बीके असेल तर कमी करावी लागतात. एकाच खुणेवर दोन उलट उपचार! म्हणून लघवीतल्या सीएक्ससीएल१०ची तपासणी केलीच तर त्याच वेळी लघवीचं रुटीन आणि कल्चर करा, बीकेची तपासणी कधी झाली ते डॉक्टरांना विचारा, आणि घरी गोळी एकही इकडची तिकडे करू नका. खरं काय ते शेवटी बायोप्सी सांगते.

कोणी ही तपासणी सुचवली तर डॉक्टरांना एकच विचारा: निकाल आल्यावर उपचारात काय बदलणार? २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या २४१ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. सीएक्ससीएल१० बघून देखरेख केलेल्या गटाला वर्षभरानं वेगळा फायदा दिसला नाही. मला वाईट वाटलं, पण हे लपवून चालणार नाही. लघवी इशारा लवकर देते, त्यावर नेमकं काय करायचं ते अजून शोधलं जातंय.

तोवर घरची वही हातात आहे. आमच्या वहीत रोज सकाळचं वजन, बीपी, ताप, दिवसभरात मापाच्या भांड्यात किती लघवी झाली आणि फेस टिकला का, एवढं लिहिलेलं असतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची गोळी किती वाजता घेतली तेही. टॅक्रो लेव्हलचं, म्हणजे रक्तात हे औषध किती आहे ते बघायचं, रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं, गोळी खिशात घेऊन जायची. जुलाब लागले तर कळवा, त्यानं लेव्हल वर जाते. पपनसानंही जाते. गणपतीत मामी कोकणातून पपनस घेऊन आली होती, ते शेजारी देऊन टाकलं.

लघवी अचानक कमी झाली, दोन दिवसांत वजन वाढलं, पाय सुजले, ताप आला किंवा नवी किडनी बसवलेल्या जागी दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. माझी किडनी भावाच्या पोटात उजवीकडे खाली आहे. रोज वही लिहून झाली की तो तिथे हात ठेवून बघतो आणि मला फोनवर सांगतो, "ताई, आज काही दुखत नाही."