मोटर सगळ्यात शेवटी घ्या

नाशिकमध्ये नदीवरून किंवा विहिरीवरून उद्यानाला पाणी द्यायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "किती एचपीची मोटर लागेल?" या प्रश्नाला हसून बगल द्यायची आणि आधी मे महिन्याचा हिशेब मांडायचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरलं तर एकराला साधारण २० हजार लिटर, १० एकरांच्या बागेला दिवसाला २ लाख. मोठ्या झाडांना आणि दुभाजकातल्या झुडपांना इतकं लागत नाही, म्हणून हिरवळ, ताटवे, झुडपं वेगवेगळी मोजा. सगळ्यांना एकच आकडा लावला की कण्हेर सडते आणि हिरवळ वाळते.

मग पाणी कुठून घ्यायचं ते बघा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. बागेसाठी त्या शुद्ध पाण्याकडे बघूच नये. गोदावरीतून उचलायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी हवी, आणि ती हातात आली तरी काम संपत नाही. १५ ऑक्टोबरला गोदावरीवरच खाली असलेल्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघतो. पाणी सुटलं की बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. डोळ्यांसमोरून नदी भरून वाहते आणि आपला पंप मुका. म्हणून नदी हा एकमेव स्रोत धरू नका. तपोवन, आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांतलं प्रक्रिया केलेलं पाणी बारमाही मिळू शकतं, बागेला ते चालतं. फक्त ते फवाऱ्याने उडवू नका, ठिबकने द्या, आणि क्लोरिनची मात्रा व तपासणीचे अहवाल दर महिन्याला मागून घ्या. पिण्याच्या लाइनला ही लाइन कुठेही जोडली जाता कामा नये, मध्ये व्हॉल्व्ह ठेवूनसुद्धा नाही. नळाच्या तोट्यांवर "पिण्यास अयोग्य" ठळक रंगवा.

पाण्याची पातळी मे महिन्यातच मोजा. एका बागेसाठी आम्ही जानेवारीत दोरी सोडून पातळी घेतली होती. भरपूर पाणी, सगळे खूश. एप्रिलअखेर फूट व्हॉल्व्ह (ओढीच्या पाइपाच्या तळाची एकतर्फी झडप) उघडा पडला, पंपाने हवा ओढली आणि माळी रोज सकाळी बादलीने प्रायमिंग करत, म्हणजे पंपात पाणी भरत बसला. आपण समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंचीवर आहोत, त्यामुळे सक्शन पंपाची कागदावरची ओढ इथे पूर्ण मिळत नाही; मी ५ मीटरच्या पुढे जात नाही. त्याहून खोल असेल तर सरळ पाण्यात बुडवून चालवायचा सबमर्सिबल पंप घ्या.

मे महिन्यानंतर दुसरा हिशेब ऑगस्टच्या पुराचा. पूर मोजायला आपल्याकडे गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, पण स्टार्टर आणि पॅनेलची उंची मारुतीवर सोडू नका. निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा मागवा आणि पॅनेल लाल रेषेच्या वर चढवा. २००८, २०१६ आणि २०१९ ला काठावरच्या किती पॅनेलमधून गाळ काढावा लागला असेल, कल्पनाच करा. तोंडाशी जाळी हवीच, आणि तीही दोन: बाहेरची मोठ्या छिद्रांची, आतली बारीक. पाणवेलीचं एक मूळ फूट व्हॉल्व्हच्या झडपेत अडकलं की झडप बसत नाही, रात्रीतून सगळा पाइप रिकामा होतो. वरून बघताना सगळं ठीकच दिसतं.

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी टाकीत घेऊ नका. टाकीला मध्ये भिंत घालून दोन खण करा, पहिल्यात गाळ बसू द्या, दुसऱ्यातून उचला. साठा किमान दोन दिवसांचा, म्हणजे वरच्या बागेला ४ लाख लिटर. काळ्या मातीत नुसतं काँक्रीट ओतलं तर ती फुगून टाकीला तडे पाडते. माती काढून मुरमाचं भरण करा. उघड्या टाकीवर शेडनेट टाका, शेवाळ कमी धरतं.

पाइपाचं काम थोडक्यात: लाइनच्या उंच जागी अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह, खोल जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह, पंपाजवळ पाणी मागे येऊ न देणारा एनआरव्ही. रस्ता ओलांडायचा असेल तर २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांचा नकाशा आधी बघा, नाहीतर टाकलेला पाइप कुणाच्या तरी जेसीबीच्या दातात सापडेल.

आता मोटर. २ लाख लिटर ८ तासांत उचलायचे तर तासाला २५ घनमीटर. उंची आणि पाइपातलं घर्षण मिळून ४० मीटर धरा. २५ गुणिले ४०, भागिले ३६७ (एककं जुळवणारा ठरलेला आकडा), भागिले कार्यक्षमता ०.६, म्हणजे साडेचार किलोवॅट, साधारण ६ एचपी. बाजारात साडेसात एचपी घ्या. ९० ऐवजी ७५ मिलिमीटरचा पाइप घेऊन पैसे वाचवाल, तर घर्षण दुपटीहून जास्त होतं आणि ते वाचलेले पैसे दर महिन्याच्या बिलात जातात.

पंप चालू-बंद कोण करणार, हे नाव कागदावर लिहा. त्याच्याकडे पाना, जादा ग्लँड पॅकिंग (पंपाच्या दांड्याभोवतीची गळती थांबवणारी दोरी), दोन फ्यूज आणि खोलीची दुसरी किल्ली असू द्या. आमच्या त्या बागेची पहिली किल्ली रजेवर गेलेल्या माळीदादांच्या खिशात चार दिवस होती.