माळा उपसण्याआधी

अडगळ आवरायचं मनात आलं की पहिली खरेदी होते नव्या डब्यांची. ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. काय उरणार हे ठरायच्या आधी आणलेले डबे एक तर मावत नाहीत, नाही तर रिकामेच माळ्यावर जाऊन अडगळीत भर घालतात. म्हणून या तयारीत डब्यांचा नंबर शेवटचा.

आधी सामानाची वाट लावा, शब्दशः. घराबाहेर जाणारी वस्तू कुठे जाणार, कोण नेणार आणि कोणत्या दिवशी, हे आठवडाभर आधी ठरलेलं असावं. वापरण्याजोगे कपडे-भांडी कोणाला चालतील ते फोन करून विचारून घ्या. जुने सेल, चार्जर, सीएफएल दिवे यांचं ई-कचरा संकलन कुठे होतं ते शोधून ठेवा. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे तो नेहमीच्या कचऱ्यात जाऊ नये. हे ठरवलं नाही तर ‘द्यायचं आहे’ म्हणून बांधलेली पिशवी दाराशी पंधरा दिवस लोळते आणि एक दिवस निमूटपणे परत माळ्यावर चढते.

आदल्या दिवशी फक्त पाहणी, काहीही हलवायचं नाही. टॉर्च घेऊन कोपरे आणि मागची भिंत बघा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्यांसारख्या रेषा दिसल्या तर ती वाळवी. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडली असेल तर आत पोखरणारा किडा आहे. भिंतीला ओलीचा डाग असेल तर आवरणं पुढे ढकला आणि आधी गळती शोधा. ओलसर भिंतीशी नीटनेटकं रचलेलं सामानही तितकंच कुजतं. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडू नका, धुळीबरोबर नाकात जातात. हातमोजे घालून जंतुनाशकाने भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून घ्या.

सकाळी सुरुवात करण्याआधी हाताशी हवं ते असं: एन-९५ मास्क, हातमोजे, दोन ओली फडकी आणि एक कोरडं, मेजरिंग टेप, जाड मार्कर, मास्किंग टेप, सेलचं झाकण उघडायला छोटा स्क्रूड्रायव्हर, जमिनीवर अंथरायला जुनी चादर आणि मोठ्या पिशव्या. द्यायच्या सामानाची पिशवी अपारदर्शक घ्या. आतलं दिसत राहिलं की घरातलं कोणी तरी ‘अरे, हे कशाला?’ म्हणत हात घालतंच. घडीची शिडी पूर्ण उघडून, कडी लावूनच चढा आणि वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नका. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर दर चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट लांब. खाली सामान घ्यायला दुसरा माणूस हवाच.

एका वेळी एकच खण रिकामा करा. सगळा माळा एकदम खाली उतरवला की दुपारपर्यंत उत्साह संपतो आणि संध्याकाळी सगळं होतं तसं वर कोंबलं जातं. सलग दोन-तीन तास पुरे. चादरीवर चार ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, ठरवायचं. शेवटच्या ढिगाला एकच खोका. तो भरला की त्यात नवीन काही टाकायला जुनं काढावं लागेल. आत काय आहे ते कागदावर लिहा, खोका टेपने बंद करा, वर सहा महिन्यांनंतरची तारीख टाका आणि फोनवरही आठवण लावा. तोवर टेप तुटलेली नसेल तर उत्तर मिळालंच. कागदपत्रं, पत्रं आणि फोटो मात्र पहिल्या दिवशी उघडूच नका. एक अल्बम उघडला की दिवस गेला.

वायरींचा गुंता हा स्वतंत्र विषय. अ‍ॅडॅप्टरची पिन बसली म्हणजे तो त्याच उपकरणाचा, असं नसतं. अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपियर. उपकरणावरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा, अँपियर तितकेच किंवा जास्त चालतात. गोल पिन असेल तर आतला धन की ऋण हे दाखवणारं गोलाचं छोटं चिन्हही जुळलं पाहिजे. ९ व्होल्टच्या उपकरणाला १२ चा लावला की जळण्याची शक्यता असते. जोडी जुळली की वायरीवर टेपचं शेपूट लावून उपकरणाचं नाव लिहा. कशालाच न जुळणारे अ‍ॅडॅप्टर ई-कचऱ्यात.

ठेवायच्या प्रत्येक उपकरणातले सेल काढा. पडून राहिलेला अल्कलाइन सेल गळतो आणि पट्ट्यांवर पांढरी खपली धरते; हातमोजे घालून व्हिनेगरच्या एक-दोन थेंबांनी कापसाच्या काडीने ती निघते. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नका, टोचू नका, डब्यात परत ठेवू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिडवालं संडास साफ करायचं द्रव एकाच तबकात नकोत. गळून एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकाच कपड्यांच्या पेटीत टाकायची सवयही सोडा: दोन्ही मिळून द्रव होतात आणि कापडावर डाग पाडतात.

आता डबे, पण आधी मापं. खणाची रुंदी मागे आणि पुढे अशी दोनदा मोजा, खणाची आतली खोली बंद दारापर्यंतची धरा आणि बिजागरी आत किती येते ते वजा करा. डब्यावर छापलेलं माप सहसा वरच्या कडेचं असतं. तळ निमुळता असल्यामुळे आत जागा त्याहून कमी मिळते. हात घालायला दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर सोडा. पुस्तकांनी भरलेला ४५ लिटरचा डबा २५ किलोच्या घरात जातो आणि तो शिडीवरून उतरवणं म्हणजे पाठीशी वैर. पुस्तकांना २० लिटरचाच डबा घ्या, तोही माळ्यावर नको, खालच्या फळीवर. मोठे डबे पांघरुणं-उशांना.

पुठ्ठ्याचे खोके फार काळ ठेवू नका. पुठ्ठा दमट हवेतली ओल धरतो, त्याच्या नळ्यांत झुरळं अंडी घालतात आणि खळीवर कसर पोसते. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा चांगला, पण ओल आतही अडकवतो, म्हणून कपडे पूर्ण वाळलेलेच भरा. फोटोंना मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या चिकटतात. पॉलीप्रॉपिलीनच्या घ्या; त्यावर त्रिकोणात ५ चा आकडा असतो. कागदांचे रबरबँड आणि गंजक्या पिना काढा. रबर काही वर्षांत वितळून कागदाला चिकटतं.

डब्यावर समोर आणि एका बाजूला, दोन्हीकडे क्रमांक लिहा. आतल्या वस्तूंची यादी फोनमध्ये आणि एक प्रत कपाटाच्या दाराच्या आतून. ‘इतर’ नावाचा डबा करायचा नाही; त्यात गेलेलं सापडत नाही. मागच्या भिंतीपासून पाच सेंटिमीटर जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. महिन्याभराने एक डबा उघडून वास घ्या. कुबट वाटलं तर सामान बाहेर काढून वाळवा आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या असतील तर त्या बदला. दाण्यांचा नारिंगी रंग हिरवा, किंवा निळा गुलाबी झाला असेल तर त्या ओलीने भरल्या आहेत.