‘देव चांगला, मग हे का?’ हा प्रश्न वर्गात कसा घ्यावा

नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी मी अभ्यासवर्ग घेते. बारा-पंधरा जण असतात. ग्रंथ कुठलाही चालू असो, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तुम्हीही वर्ग घेत असाल तर तो टाळू नका, पण उत्तराची घाईही करू नका.

आधी विचारणारा कोण ते पाहा. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा नऊ वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेला. दहाव्याच्या दिवशी एक नातलग माझ्या भावजयीला म्हणाले, “मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं.” ती त्याचा शाळेचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. काही बोलली नाही. झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. जखम ओली असताना सिद्धांत सांगू नका. बायबलमधल्या ईयोबाची मुलं, संपत्ती, सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. वर्गातल्या कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या गुरुवारी दुसरा विषय घ्या आणि त्यांच्याकडे जाऊन नुसते बसा.

विचारणाऱ्याला खरोखर विचार करायचा असेल तर मात्र प्रश्न बोथट करू नका. फळ्यावर तीन वाक्यं लिहा: देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्ण चांगला आहे. जगात दुःख आणि दुष्टपणा आहे. मग एकेकाला विचारा, यातलं कोणतं सोडाल? हा पेच एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर चालत आला आहे. आमच्याकडे बरेच जण तिसरं सोडतात, सगळी माया म्हणतात. मायेतली कळही कळच असते, एवढं मी त्यांना सांगते.

मग दुःखाचे दोन भाग करा: माणसाने केलेलं आणि आपोआप येणारं. एप्रिल 2013 मध्ये शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली. इथे माणसाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा लागू पडतो: निवडायची मोकळीक दिली की कुणी वाईटही निवडणार. विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगाने तो फार काटेकोर मांडला. पण 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाला, पोर्तुगालमधल्या लिस्बनची चर्च भरलेली असताना भूकंप झाला. तिथे कुणी काय निवडलं होतं? आमच्या मुलाच्या रक्तात कुणी काय निवडलं होतं? जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने 1710 मध्ये हेच जग शक्य जगांपैकी सर्वोत्तम ठरवलं होतं. लिस्बननंतर ते म्हणणं जड जाऊ लागलं. ख्रिस्ती संत ऑगस्टिनचं ‘वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव’ थोडक्यात सांगा. देवाने वाईट निर्माण केलं नाही एवढं त्यातून निघतं, पण राहू का दिलं ते निघत नाही.

आपल्याकडच्या उत्तराला पूर्ण एक बैठक द्या. वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतलं 2.1.34 वं सूत्र: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वराकडे पक्षपात नाही, निर्दयपणा नाही, कारण तो जीवांच्या कर्माकडे पाहून जग घडवतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात: भाताला आणि जवाला पाऊस सारखाच, फरक बियाण्यात. वर्गात लगेच कुणीतरी विचारेल, मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढचं सूत्र तोच आक्षेप घेतं आणि संसार अनादी आहे असं उत्तर देतं. ही दोन्ही सूत्रं एकाच दिवशी शिकवा, एक ठेवून दुसरं पुढच्या गुरुवारवर ढकलू नका. मला ही मांडणी सगळ्यांत भक्कम वाटते आणि म्हणूनच सगळ्यांत जपून वापरावीशी वाटते. दहाव्याला ऐकलेलं ते वाक्य हिचंच मोडकं रूप होतं. सूत्र ईश्वरावरच्या आरोपाला उत्तर देतं, ते कुणा आईवर आरोप करायला लिहिलेलं नाही.

भांडणालाही जागा ठेवा. दुष्काळात तुकोबांची बायको गेली, व्यापार बुडाला, आणि त्यांनी देवाला सोडलंही नाही, जाब विचारायचंही सोडलं नाही. हे ऐकल्यावर इतका वेळ गप्प बसलेले लोक बोलायला लागतात.

भावजय सव्वा वर्षाने वर्गाला आली, मागच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी पावसाचा दृष्टांत होता. सगळे उठल्यावर म्हणाली, “वन्सं, पाऊस सारखा, ते कळलं. पण नऊ वर्षांच्या रोपावर एवढा?” मी अनादीचं सूत्र पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, “नाही पटत.” माझ्या वहीत त्या सूत्राच्या समासात तिचं वाक्य तारखेसह लिहिलेलं आहे. दर वेळी वर्ग तिथे आला की सूत्रासोबत मी तेही वाचून दाखवते.